दोन दिवसांचा लेहंगा, दोनशे दिवसांची पँट

जून महिना तोंडावर आला की गणवेशाच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत आपल्यासारख्या आईबाबांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, "एक नंबर मोठाच द्या हो, वर्षभर जायला हवा." दुकानदाराला ते पाठ झालेलं असतं. आपण म्हणायच्या आत त्यानं मोठा नंबर काढून ठेवलेला असतो. मग मूल त्या शर्टात शिरतं, खांद्याची शिवण दंडावर उतरते, अर्ध्या बाह्या कोपराखाली येतात, आणि आपण पाठीमागून कापड चिमटीत धरून म्हणतो, "बघ, छान दिसतोय. दिवाळीपर्यंत बसेल बरोबर." आरशातलं मूल काही बोलत नाही.

याच्या महिनाभर आधी, लग्नसराईत, त्याच मुलाला घेऊन आपण दुसऱ्या दुकानात गेलेलो असतो. मामाचं नाहीतर मावशीचं लग्न. तिथे मात्र कपडा अगदी मापाचा हवा असतो. जरीकाम निरखलं जातं, ओढणी आईच्या साडीला जुळते का ते पाहिलं जातं, आणि किंमत ऐकून पोटात गोळा आला तरी नवरा-बायको एकमेकांकडे बघून म्हणतात, "असू दे. एकदाच तर घालायचाय."

गंमत बघा, एकदाच घालायचाय तर स्वस्तातला घेऊ, असं त्या दुकानात कुणालाच सुचत नाही.

मी डोंबिवलीत राहते. घरात दोन मुलं, थोरली नववीत, धाकटा चौथीत. शहाणपण शिकवायला मी बसलेली नाही. आमच्याही कपाटाचं दार उघडलं की कपडे अंगावर कोसळतात आणि तरी सकाळी "घालायला काहीच नाही" हे ऐकू येतंच. तुमच्याकडेही येत असेल. म्हणून म्हटलं, जरा बोलू या.

आधी थोडा हिशेब. शिक्षण हक्क कायद्यानं शाळेचे कामाचे दिवस ठरवून दिलेत. पाचवीपर्यंत वर्षाला किमान २००, सहावी ते आठवी २२०. गणवेशाचे दोन जोड असतील तर एकेक जोड वर्षाला शंभर वेळा तरी अंगावर चढतो. सातशे रुपयांचा जोड धरला तर एका वेळेला सात रुपये पडले. आता तीन हजारांचा लेहंगा घ्या. लग्नात एकदा, दिवाळीत एकदा, फार तर कुणाच्या बारशाला. एका वेळेला हजार रुपये. पुढचं लग्न निघेपर्यंत तो घोट्याच्या वर गेलेला असतो आणि पाठीमागची साखळी लागत नाही.

म्हणजे जो कपडा मूल रोज वापरतं तिथे आपण दहा-दहा रुपये वाचवतो, आणि जो वापरत नाही तिथे हात सैल सोडतो. आपण सगळेच हे करतो. लग्नात चार लोक बघणार असतात ना. शाळेच्या बाकावर कोण बघतंय?

पण बाकावर बसलेलं असतं ते आपलंच मूल. दिवसाचे सहा-सात तास ते त्या पँटमध्ये बसतं, पळतं, पडतं. तिचं कापड कसलं आहे हे आपण धड हात लावूनही बघत नाही. पॉलिस्टर जास्त असलं तर इस्त्री लागत नाही, पावसाळ्यात पंख्याखाली पटकन वाळतं, आपल्याला सोयीचं. ऑक्टोबरच्या उकाड्यात खेळाच्या तासानंतर त्याच पँटच्या आत घामोळं उठतं, ते मूल सांगत नाही. सांगितलं तर आपण पावडर लावतो आणि दुसऱ्या दिवशी तीच पँट चढवतो.

शाळेनं कापड ठरवून दिलं असेल तर आपला इलाज नाही, मान्य. पण जिथे निवड आपली आहे, म्हणजे घरातले कपडे, खेळायला जायचे, झोपायचे, आतले, तिथे तरी सुती बघू या. बनियन आणि चड्ड्या तर चांगल्याच घ्या. ते कुणाला दिसत नाहीत हे खरं, पण मुलाच्या अंगाला सगळ्यात जास्त वेळ तेच लागलेले असतात.

"टोचतंय" हे लग्नाच्या हॉलमध्ये ऐकलं नाही अशी आई मला अजून भेटायची आहे. लेहंग्याचा घेर फुगावा म्हणून आत कडक जाळी लावलेली असते, गळ्याला टिकल्या, बगलेपर्यंत जरी. "थोडा वेळ घाल राणी, फोटो झाले की बदलू." आता लग्नातले फोटो कधी संपलेत का? मुहूर्त टळून जातो, भूक लागलेली असते, पाच वर्षांच्या पोरीला खुर्चीत पाय वर घेऊन बसता येत नाही कारण जाळी मांड्यांना ओरबाडते. मग ती जेवत नाही, मग किरकिरते, आणि आपण चारचौघांत दात-ओठ खात म्हणतो, "एवढा महागाचा घेतला आणि वर तुझी किरकिर!" तिनं तो मागितलेला नसतो. तिला खिसे असलेला फ्रॉक हवा होता, ज्यात चॉकलेटं ठेवता येतात.

म्हणून दुकानात एवढं एक जरूर करावं. कपडा उलटा करायचा आणि आतली बाजू आपल्या मनगटाच्या आतल्या कातडीवरून जरा दाबून फिरवायची. तिथली कातडी नाजूक असते, तिला लगेच कळतं. अस्तर सुती आहे ना, आणि ते बगलेपर्यंत आलंय की मध्येच सोडून दिलंय, तेही बघायचं. मानेमागचं लेबल घरी आल्यावर काढायचं, पण कात्रीनं कचकन कापून नाही. कापल्यावर शिवणीत उरणारा ताठ काठ लेबलापेक्षा जास्त टोचतो. सुईनं टाके उसवून अख्खं काढायचं. दहा मिनिटांचं काम आहे, टीव्ही बघता बघता होतं.

लग्नाचं मग काय करायचं, असं तुम्ही विचाराल. आमच्या नात्यात आता कपडे फिरतात. एका जावेकडचा झब्बा दुसरीकडे, नणंदेच्या लेकीचा घागरा आमच्याकडे. सुरुवातीला "लोक ओळखतील" अशी धाकधूक होती. ओळखलाच, एका आत्यानं, आणि तिला तो कुठून घेतला होता याचीच जास्त चौकशी होती. भाड्यानंही मिळतात, स्नेहसंमेलनाला जसे आपण आणतो तसे. आणि सगळ्यात बरं म्हणजे घरातल्या एखाद्या जुन्या, मऊ पडलेल्या साडीचं परकर-पोलकं. शिवताना परकराला खाली आतून दोन दुमडी घालायला सांगायच्या. पोर उंच झाली की एकेक सोडत जायची. दोन-तीन वर्षं सहज जातो, आणि आजीच्या साडीचा म्हणून मुलगी मिरवते ते वेगळंच.

विकत घ्यायचाच असेल तर एवढं लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वरच्या कपड्यावर १८ टक्के. सव्वीसशेचा लेहंगा आवडला असेल तर शेजारच्या चोवीसशेच्या लेहंग्याकडे एकदा वळून बघायला हरकत नाही. आणि किमतीच्या चिठ्ठीवर एमआरपी असेल तर त्यात सगळे कर आलेले असतात. वर पुन्हा कर लावून कुणी एमआरपीपेक्षा जास्त मागत असेल तर शांतपणे नाही म्हणायचं.

आता त्या एक नंबर मोठ्या शर्टाकडे परत येते, कारण ही सवय आपल्या हाडीमाशी मुरलेली आहे. आपल्या लहानपणी ती चालून गेली, कारण पुढे घालायला तीन भावंडं रांगेत होती. आता घरात एक नाहीतर दोन मुलं. मोठा घेतलेला शर्ट पहिले सहा महिने ढगळ, मधले तीन महिने बरोबर, आणि बरोबर बसायला लागतो तोवर कॉलर विरलेली, बगलेत रंग विटलेला. म्हणजे मापात तो घातलाच कधी?

मूल वाढतं कसं हे माहीत असलं तर इथे बरेच पैसे वाचतात. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं. चौथ्या वर्षानंतर हा वेग खाली येतो आणि वयात येईपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर राहतो. मग वयात येताना पुन्हा एकदम झेप. मधल्या सगळ्या वर्षांत धडापेक्षा पाय जास्त वाढतात. म्हणूनच पँट आखूड होते तेव्हा शर्ट अजून चालत असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. तेव्हा शर्ट मापाचा घ्यावा, आणि लांबीची सोय पँटीत करावी. खाली दुमड चांगली तीन-चार बोटं आहे का, शिवणीत माया ठेवली आहे का, कमरेला आतून भोकांचं इलॅस्टिक आणि बटण आहे का, हे तपासायचं. असं इलॅस्टिक असलेली पँट थोडी महाग पडते, पण ती कंबर दोन वर्षं मुलाबरोबर वाढते. दुमड सोडल्यावर जुनी रेघ दिसते म्हणून मुलं कुरकुरतात. जिन्याखाली मशीन टाकून बसलेल्या आमच्या काकांनी त्या रेघेवर गडद पट्टी शिवून दिली, तर धाकट्याच्या वर्गात ती फॅशन ठरली.

माप चुकलं की काय होतं, हे आपल्या राज्यानं मोठ्या प्रमाणावर बघितलंय. २०२४ मध्ये सरकारी शाळांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून वरून एकत्र कापड घेऊन गणवेश शिवून दिले गेले. कपडे उशिरा पोचले, कुणाला घट्ट, कुणाला ढगळ. शेवटी गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. मुलाच्या खांद्याला हात लावून माप घेणारा माणूस जवळचाच लागतो.

तान्ह्या बाळांचं थोडक्यात सांगते. तीन महिन्यांच्या आतले कपडे विकत घेऊच नका म्हटलं तरी चालेल. बारशाला तेवढे येतात की घडी मोडायच्या आत लहान होतात. कुणी आपुलकीनं विचारलं "काय आणू?" तर संकोच न करता सांगा, वर्षाच्या बाळाचं आणा. बाकी झबली, टोपडी, दुपटी जुन्या सुती साडीची. नव्या कापडात खळ असते, जुनं धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. आपल्या आज्या जुन्या साड्या त्यासाठीच जपून ठेवायच्या.

वापरलेल्या कपड्यांचा विषय निघाला की मला धाकट्यांची बाजू घ्यावीशी वाटते. दुसरं मूल झालं की आपल्याला हायसं वाटतं, कपडे तर सगळे आहेतच! आहेत, आणि चांगलेही आहेत. पण त्या पोराच्या जागी बसून बघा. आजवर जे जे मिळालं त्यावर आधी कुणाचं तरी नाव होतं. फोटोंचा अल्बम उघडला की त्याचा निळा टी-शर्ट दादाच्या अंगावर. तो हट्ट करतो तेव्हा आपण म्हणतो, "चांगला तर आहे, काय धाड भरलीये त्याला?" शर्टाला काहीच झालेलं नसतं. त्याला स्वतःचं काहीतरी हवं असतं, एवढंच.

आमच्याकडे थोरलीचे टी-शर्ट धाकट्याकडे येतात तेव्हा ते सगळे पलंगावर मांडतो आणि काय ठेवायचं ते तो ठरवतो. जे नको ते पुढे जातात, वाद नाही. कधी बटणं बदलून मागतो, कधी खिसा लावून मागतो. आणि दर वर्षी एक तरी गोष्ट पहिल्या घडीची, त्याचीच. ती महाग असावी लागत नाही. गेल्या पावसाळ्यात त्यानं रेनकोट मागितला, बेडकांचा. पाऊस नसतानाही तो घालून बसायचा.

आता जरा अवघड गोष्ट, पैशांबद्दल मुलांशी बोलण्याची.

दुकानात आपली मुलांशी भांडणं होतात ती बहुतेक वेळा कपड्यावरून होतच नाहीत. आपल्या डोक्यात एक आकडा असतो, तो आपण सांगत नाही. मूल आवडलेली वस्तू उचलतं, आपण चिठ्ठी बघतो, आणि आकड्याच्या वर असेल तर त्या कपड्यालाच नावं ठेवतो. "हा रंग तुला शोभत नाही." "कापड हलकं आहे." "हे काय वेडंविद्रं?" पोरीला वाटतं आईला माझी आवडच कळत नाही. खरं कारण पाकिटात असतं. किंवा मग दुसरं टोक. दिवसभर नोकरीवर होतो, आठवडाभर नीट बोललो नाही, म्हणून ती म्हणेल ते घेऊन टाकतो आणि घरी येऊन नवऱ्याला बिल दाखवायचं टाळतो.

लोकलमधून लोंबकळत येणाऱ्या, घरी आल्यावर कुकर लावणाऱ्या माणसानं रात्री नऊ वाजता दुकानात धीर धरायचा तरी किती? म्हणून आकडा घरीच सांगितलेला बरा. "दिवाळीच्या कपड्यांसाठी तुझे दोन हजार ठेवलेत. त्यात काय काय हवं ते आपण बघू." एवढं एक वाक्य.

यावर पहिल्यांदा मुलं काय विचारतात माहीत आहे? "आपण गरीब आहोत का?" आमच्या धाकट्यानं विचारलं होतं, भर रिक्षात. पोटात कालवतं अशा वेळी. आपल्याला वाटत असतं, पोराला कशाची उणीव भासू नये, म्हणून तर सगळी धडपड. मी त्याला सांगितलं, गरीब नाही आहोत, पण पैसे मोजून ठेवावे लागतात. शाळेची फी, घराचा हप्ता, आजोबांची औषधं, भाजी, आणि मग कपडे. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि वडापावचे?" तेही मोजलेले आहेत म्हटल्यावर त्याचं समाधान झालं. मुलांना आकड्याची भीती वाटत नाही. आपला चेहरा पडलेला दिसतो आणि कारण कळत नाही, तेव्हा मात्र ती घाबरतात.

थोरलीच्या हातात गेल्या दिवाळीत रोख रक्कम दिली आणि आम्ही उल्हासनगरला गेलो. इकडच्या लोकांना गजानन मार्केट सांगायला नको. मुलांचे, मोठ्यांचे, कसलेही कपडे तिथल्या गल्ल्यांत ठोक आणि किरकोळ मिळतात, आणि जीन्स तर उल्हासनगरच्या घराघरांत शिवल्या जातात. 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा आमच्या पिढीचा जुना विनोद तिच्या बाबानं तिला गाडीत ऐकवला, ती हसली नाही.

पहिल्या दुकानात ती गप्प होती. दुसऱ्यात तिनं जीन्स उलटी केली. शिवण दुहेरी आहे का बघितलं, खिशाच्या कोपऱ्यावर पक्के टाके आहेत का बघितलं, साखळी खालीवर करून पाहिली, गुडघ्यापाशी कापड दोन्ही हातांनी ताणून सोडलं आणि ते जागेवर येतं का पाहिलं. ओला रुमाल आतल्या बाजूला घासला, त्यावर निळा डाग आला, तिनं जीन्स परत ठेवली. हे सगळं तिला मी कधीतरी सांगितलं होतं, तेव्हा ती मोबाइलमध्ये बघत होती. दुकानदारानं साडेसहाशे सांगितलेली दुसरी जीन्स तिनं पाचशेला पाडली, आणि बाहेर आल्यावर म्हणाली, "अजून कमी केली असती ना त्यानं?"

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, वा, काय शहाणी मुलगी. थांबा. उरलेल्यातले अकराशे तिनं एका जाड काळ्या जॅकेटवर घातले. डोंबिवलीत! ऑक्टोबरात! मी तोंड उघडणार होते, तिच्या बाबानं डोळ्यांनी खूण केली. दिवाळीच्या पहिल्या पहाटे फडके रोडवर सगळी तरुण मंडळी नवे कपडे घालून जमतात, तिथे ही ते जॅकेट घालून गेली. गणेश मंदिरापासून घरापर्यंत घामानं निथळत आली, पण जॅकेट काढलं नाही. आणि आम्हीही तो विषय काढला नाही. आकडा तिचा होता. "बघ, मी म्हटलं नव्हतं?" हे वाक्य अशा वेळी गिळणं फार जड जातं, पण गिळावं. परवा मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "कपडा घेताना आधी कुठे घालणार ते ठरव." मी भाजी चिरत होते, मान वर केली नाही.

वयात येणाऱ्या मुलांच्या मनात ब्रँडचं काय चाललेलं असतं, हे आपण फार हलक्यात घेतो. "नावाला काय चाटायचंय?" असं म्हणून मोकळे होतो. वर्गात कुणाच्या बुटावर कसली खूण आहे यावरून मैत्र्या जुळतात आणि तुटतात, हे त्यांच्यासाठी खरं असतं. सगळं ब्रँडेड देणं जमणार नाही, आणि देऊही नये असं माझं मत आहे. पण सतत नाक मुरडण्यापेक्षा विचारावं, एकच गोष्ट नावाची घ्यायची तर कुठली? बहुतेक मुलं बूट म्हणतात. मग बूट चांगले घ्या, ते रोज वापरातही येतात, आणि टी-शर्ट दादरच्या फुटपाथवरचा चालवून घ्यायला तीच मुलं तयार होतात.

सेलचं फार बोलत नाही, तुम्ही माझ्यापेक्षा मुरलेले असाल. फक्त मुलांच्या कपड्यांत 'पुढच्या वर्षीसाठी' म्हणून घेतलेलं क्वचितच अंगाला लागतं. थंडी संपताना निम्म्या किमतीत मिळालेलं स्वेटर पुढच्या डिसेंबरात आखूड झालेलं असतं, आणि आमच्याकडे थंडी असते तरी किती दिवस. 'दोनवर एक मोफत' असेल तेव्हा मनाशी विचारायचं, एकच मिळत असता तर घेतला असता का? मोबाइलवरून मागवताना तर आणखीच सोपं, वय बघून मापं मागवू नका. "सात-आठ वर्षं" असं लिहिलेला शर्ट एका कंपनीचा एक, दुसरीचा दुसरा असतो. मुलाचा नीट बसणारा शर्ट जमिनीवर सपाट पसरा, बगलेपासून बगलेपर्यंत टेपनं मोजा, आणि तो आकडा त्यांच्या तक्त्याशी ताडून बघा. परतीची भानगड बरीच वाचते.

आणि खरेदीला निघायच्या आधी एकदा कपाट रिकामं करा. मुलांना घेऊन. सगळं पलंगावर. तीन ढीग होतात, बसणारं, दुरुस्तीचं, आणि द्यायचं. द्यायच्यातलं धड असेल ते सोसायटीतल्या लहान मुलांना विचारून द्या, उसवलेलं देऊ नका, बटण लावून द्या. अगदीच विरलेलं असेल त्याची फडकी होतात, नाहीतर बोहारीण आहेच, तिच्याशी घासाघीस करताना आईला बघणं हा मुलांसाठी करमणुकीचा कार्यक्रम असतो. ढीग लावताना बहुतेक वेळा असं निघतं की पँटींची गरज आहे आणि टी-शर्ट उदंड आहेत. आपण मात्र दर वेळी टी-शर्टच घेऊन येतो, कारण ते ट्रायल रूममध्ये न शिरता घेता येतात.

जाता जाता एक सांगायचं राहिलं. पुष्कळ दुकानांत पाटी असते, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही. ती वाचून आपण निमूटपणे गप्प बसतो. आवड बदलली म्हणून परत घेणं हे दुकानदाराच्या मर्जीवर आहे, त्यात त्याची चूक नाही. पण माल सदोष निघाला तर गोष्ट वेगळी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर तीस दिवसांत. पहिल्याच दिवशी शिवण उसवली, साखळी तुटली, तर संकोच करू नका. भांडायची गरज नाही, बिल दाखवायचं आणि सांगायचं. तरी ऐकलं नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

तेव्हा बिल घेत चला, मार्केटातल्या दुकानातही मागून घ्या. आणि घरी आल्या आल्या त्याचा मोबाइलवर फोटो काढा, कारण कागदाचं बिल हटकून त्याच पँटच्या खिशात राहतं आणि पहिल्याच धुण्यात जातं.